दोन गोळ्या कापून द्या

"काका, घसा धरलाय एवढ्यावर अझिथ्रोमायसिन?"

"घसा धरलाय, अंगात कणकण आहे आणि उद्या लावणीला माणसं सांगितली आहेत. तिन्ही मिळून त्याचा आजार आहे. तुझ्या पुस्तकात पहिले दोनच असतील."

ऐन आषाढातला, कुडाळ तालुक्यातल्या एका बाजारपेठेतला हा वाद. काका म्हणजे चाळीस वर्षं मेडिकल चालवणारे, डी.फार्म. झालेले गृहस्थ. पुतणी शेजारच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर. रविवारी ती काकांकडे जेवायला येते आणि पान वाढेपर्यंत गल्ल्यामागच्या स्टुलावर बसते. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर, पेपर वाचल्यासारखं करत. दोघांची नावं लिहीत नाही, कारण दोघांनाही याच गावांत राहायचं आहे.

गिऱ्हाईक होतं विशीतला एक मुलगा. चिठ्ठी नव्हती. "अझिथ्रो पाचशे, दोनच कापून द्या" एवढंच त्याचं मागणं. काकांची कात्री तीनच्या स्ट्रिपवर टेकलीच होती. या कात्रीचीही एक रीत असते. एक्सपायरी आणि बॅच नंबर छापलेली बाजू दुकानात ठेवायची आणि उरलेली कापून द्यायची. दुकानदाराच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, तिसरी गोळी त्याला अजून विकायची असते. पण गिऱ्हाइकाच्या हातात पडतात त्या दोन गोळ्या कुठल्या औषधाच्या आणि कुठवर चालणाऱ्या, हे सांगणारा तुकडा काकांच्या डब्यात राहतो. घरी गेल्यावर त्या फक्त "घशाच्या गोळ्या" होतात.

"बहुतेक घसे विषाणूंनी धरतात," पुतणी म्हणाली. "अँटिबायोटिक चालतं जीवाणूंवर. विषाणूला त्याचं सोयरसुतक नाही."

"मला घशात डोकावून विषाणू दिसत नाही. तुला दिसतो?"

"मलाही नाही. पण नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर विषाणूचीच शक्यता जास्त. खोकला नाही, ताप सणसणून आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, गळ्यात गाठी आल्यात, तर मी स्ट्रेप्टोकॉकसचा विचार करते. आणि तेव्हासुद्धा आधी अझिथ्रो नाही लिहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन लिहिते."

"आणि मी दोन गोळ्या दिलेला माणूस तिसऱ्या दिवशी बरा होऊन येतो, त्याचं काय?"

"तो तिसऱ्या दिवशी बरा होणारच होता. श्रेय गोळीला मिळालं, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडे दोन गोळ्या मागायला आला."

काका हसले. त्यांना हे ठाऊक नाही असं नाही. पण त्यांचा हिशेब वेगळा आहे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रिक्षा, फी, अर्धा दिवस. लावणीच्या दिवसांत अर्धा दिवस म्हणजे पाऊस धरून बसलेली जमीन हातची जाते. हा मुलगा आज डॉक्टरकडे जाणार नाही हे काकांना दिसतं. मग तो समोरच्या मेडिकलमधून गोळ्या घेईल, आणि तिथे काउंटरवर फार्मासिस्ट नाही, बारावी नापास पोऱ्या आहे. निदान मी विचारून तरी देतो, हा काकांचा मुद्दा. मला तो खोटा वाटत नाही. दुकानाबाहेर पाटी मेडिकलची असली तरी गावातल्या पहिल्या तपासणीची जागा अनेकदा तीच असते.

पुतणीनं वाद टाकून दिला आणि वेगळंच विचारलं. "काका, तुम्ही दुकान उघडलंत तेव्हा टायफॉइडला काय जायचं?"

काका खुलले. "क्लोरॅम्फेनिकॉल. कॅप्सूल, दिवसातून चार वेळा. पोतंभर विकलं असेल."

"मग?"

"मग मधे काही वर्षं ते चालेनासं झालं. अ‍ॅम्पिसिलिनही नाही, सेप्ट्रानही नाही. त्यात सिप्रो आलं. काय औषध होतं ते! आधी महाग, मग पन्नास कंपन्यांनी काढलं, पैशाला पासरी झालं. लोक जुलाबाला नेत, लघवीच्या जळजळीला नेत, दाढेला नेत."

"मग?"

"मग डॉक्टरच म्हणायला लागले, सिप्रोनं ताप उतरत नाही. ऑफ्लॉक्सासिन लिहायला लागले. मग सेफिक्झिम. मग सेफ्ट्रायाक्झोनची इंजेक्शनं. आणि…"

काकांनी वाक्य पुरं केलं नाही. पुतणीनं त्यांच्या हातातल्या स्ट्रिपकडे बोट केलं. "आणि हे."

पुढे तिनं सांगितलं ते असं. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, हैदराबाद शहरापासून, टायफॉइडची एक साथ पसरली. तिथल्या जंतूवर क्लोरॅम्फेनिकॉल चालेना, अ‍ॅम्पिसिलिन चालेना, सिप्रो चालेना, सेफ्ट्रायाक्झोनसुद्धा चालेना. तोंडानं घेण्याजोगं भरवशाचं औषध म्हणून राहिलं एकटं अझिथ्रोमायसिन. त्यापुढे शिरेतून द्यायची मेरोपेनेमच्या जातीची महागडी इंजेक्शनं. शेवटी २०१९ मध्ये सिंधनं टायफॉइडची कॉन्जुगेट लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली. ती लस बनते आपल्याकडच्या हैदराबादेत, भारत बायोटेकमध्ये. एका हैदराबादचं दुखणं आणि दुसऱ्या हैदराबादचं औषध! पण दर वेळी दुसरं हैदराबाद तयारच असेल, याची हमी कोणी द्यायची?

"म्हणजे याच्या दोन गोळ्यांनी टायफॉइड बिघडणार?" काका म्हणाले. "काहीतरीच. याला टायफॉइड झालेलाच नाही."

"बरोबर, नाही झालेला. पण त्याच्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू आहेत. दोन गोळ्या पोटात गेल्या की नाजूक ते मरतात, चिवट ते राहतात. भात उपटून तण राखायचं, तसं. वर हे औषध गोळी संपली की संपत नाही, शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, थोडंथोडं. चिवट जीवाणू आपला चिवटपणा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. आणि आतड्यातलं शेवटी जातं कुठे? पऱ्ह्यात, विहिरीत."

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, ती वाचकांना सांगतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगला १९४५ मध्ये नोबेल मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात त्यानं एक काल्पनिक प्रसंग रंगवला होता. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, सवयीचे होतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन चालत नाही. बायको मरते. दुखणारा घसा, दुकानातून आणलेलं औषध, अपुरा डोस. आपल्या गल्ल्यासमोरचा मुलगा त्या व्याख्यानात ८० वर्षांपूर्वीच येऊन गेला होता.

गंमत म्हणजे फ्लेमिंगनं ज्याचं उदाहरण दिलं, तो घशाचा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला शरण जातो. पुतणीनंच हे सांगितलं, आणि काकांनी लगेच "बघ!" म्हणून टाळी मागितली. बिघडले ते दुसरेच: टायफॉइडचा जंतू, लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय, दवाखान्यांतला क्लेबसिएला. कोण कधी बिघडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर सगळ्यांनाच जपायचं, असं तिचं म्हणणं. काकांना ते पटलं की नाही कळलं नाही. स्ट्रिप मात्र त्यांनी गल्ल्यावर ठेवली.

पण मालवणी माणसाचा वाद मुद्दा संपला म्हणून संपत नाही.

काकांनी खालच्या खणातून एक वही काढली, लाल कव्हराची. "ही एच-वनची वही. १ मार्च २०१४ पासून ठेवतोय. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती. तीन वर्षं जपून ठेवायची. एफडीएचा माणूस आला की आधी हीच मागतो. आता वाच, आणि सांग यातल्या किती चिठ्ठ्या तुझ्या मते बरोबर आहेत."

पुतणीनं पानं चाळली. सर्दी-खोकल्याला सेफिक्झिम. दोन दिवसांच्या तापाला सेफिक्झिम. एका लहान मुलाच्या जुलाबाला, काकांना आठवत होतं त्याप्रमाणे, अँटिबायोटिकच्या सोबत जंताचं, उलटीचं, टॉनिकही. ओआरएस चिठ्ठीवर नव्हतंच.

"चिठ्ठीशिवाय दिलं की मी गुन्हेगार," काका म्हणाले. "आणि हे चिठ्ठीवर आलं की शास्त्र. कंपनीचा एमआर मला भेटायच्या आधी डॉक्टरांना भेटून आलेला असतो, तो काय मोफत चहा प्यायला जातो?"

तिनं आपल्या जातभाईंची बाजू घेतली नाही, हे मला आवडलं. "यातल्या निम्म्या तरी मी लिहिल्या नसत्या," एवढंच म्हणाली आणि वही मिटून परत दिली. चिठ्ठी असणं आणि औषध गरजेचं असणं या दोन गोष्टी आहेत. कायदा पहिली तपासतो. दुसरी तपासायला रुग्णानंच "हे कशासाठी लिहिलंत?" असं विचारावं लागतं, आणि आपल्याकडे तो प्रश्न उद्धटपणात मोडतो.

मुलगा अजून उभाच होता. त्याला या सगळ्यातलं काही नको होतं, उद्या उभं राहता यायला हवं होतं.

"बरं, मग याला काय देऊ?" काकांनी विचारलं. "काहीच नाही दिलं तर तो समोर जातो. ते तुझ्या पुस्तकात नाही."

"पॅरासिटामॉल द्या. साधं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर. तीन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा धाप लागली, पाणी गिळता आलं नाही, तर केंद्रावर ये."

काकांचा हात सवयीनं दुसऱ्याच खोक्याकडे गेला. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकची एकत्र गोळी. इकडे तिलाच खरी 'पॉवरची गोळी' मानतात, अंगदुखी झटक्यात थांबते.

"ती नको, काका. पाऊस आहे. याचा ताप डेंग्यूचा निघाला तर?"

या ठिकाणी काकांनी हुज्जत घातली नाही. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट उतरतात आणि रक्तस्रावाची भीती असते. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी ती वाढते. पावसाळ्यातला ताप कशाचा हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं वेदनाशामक घेऊ नये, हे या लेखातलं कदाचित सगळ्यात उपयोगी वाक्य असेल. आणि पॅरासिटामॉलचीही मर्यादा आहे. धडधाकट मोठ्या माणसानं २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरंच कमी. पाचशेच्या आठ गोळ्या म्हणजे ४ ग्रॅम, असा हिशेब सोपा वाटतो. पण सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या गोळीतही असतं, आणि घरात ठेवलेल्या साडेसहाशेच्या गोळीत तर असतंच. तीन नावांच्या तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो.

पुतणीनं मुलाला स्ट्रिप उलटी करून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आत खरोखर काय आहे ते. "हे मोठं नाव विसरलास तरी चालेल. बारीक अक्षरांतलं वाच. आणि पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही."

"त्याला वाचता येईल," काका म्हणाले. "पण ती अक्षरं इंग्रजीत आहेत आणि माझ्या गिऱ्हाइकांतली अर्धी साठीच्या पुढची. चष्मा घरी असतो." हा टोमणा तिला नव्हता, कंपन्यांना होता. पण उत्तर तिच्याकडेही नव्हतं. काकांनी मग पॅरासिटामॉलची स्ट्रिप न कापता पूर्णच दिली आणि मागे पेनानं मराठीत लिहिलं: ताप, सहा तासांनी, दिवसाला चारच्या वर नाही.

इतक्यात नदीकाठच्या वाडीतल्या एक बाई आल्या. डोक्यावर इरलं नव्हतं, प्लास्टिक होतं. हातात कागदाची पुडी. त्यांना हवी होती डॉक्टरीणच.

"बाय, आशाबायन गोळ्यो दिल्यान. माका काय एक जावक नाय, मगे कित्याक खांव?"

काकांचा चेहरा असा उजळला की जणू साक्षीदारच मिळाला. "ऐक! डॉक्सीसायक्लिन. अँटिबायोटिकच ना? मी आजारी माणसाला दोन गोळ्या दिल्या तर पाप, आणि तुझं सरकार धडधाकट माणसांना घरोघर वाटतंय ते पुण्य!"

आता प्रश्न खरोखर अडचणीचा होता, आणि त्याचं उत्तर देताना ती सकाळपासून पहिल्यांदाच सावकाश बोलली.

या गोळ्या लेप्टोस्पायरोसिससाठी होत्या. त्याचा जंतू उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतो. माणसाच्या अंगात तो शिरतो कातडीच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून, तोंडातून. मुंबईनं हे २००५ मध्ये पाहिलं. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. मुंबईकराला ते पाणी क्वचित लागतं. कोकणातला शेतकरी मात्र चिखलणी आणि लावणी होईपर्यंत रोज आठ-आठ तास त्यातच उभा असतो. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ताप येतो. डोकं दुखतं, डोळे लाल होतात, पोटऱ्या दाबल्या तरी ओरडायला होतं. बरेच जण निभावतात. काहींची मूत्रपिंडं, यकृत, फुफ्फुसं सापडतात, आणि मग घटका मोजायची वेळ येते.

"मग ही गोळी साथीतल्या एका जंतूवर, एका मोसमापुरती, ज्याचे पाय चिखलात आहेत त्यालाच द्यायची," ती म्हणाली. "१०० मिलिग्रॅमच्या दोन, आठवड्यातून एकदाच. तुमच्या अझिथ्रोमागे असा काही विचार आहे का?"

"आणि उपयोग होतो हे कोणी सांगितलं?"

"१९८२ मध्ये पनामाच्या जंगलात अमेरिकी सैनिकांवर पाहिलं गेलं. नऊशेच्या वर सैनिक. अर्ध्यांना आठवड्याला ही गोळी, अर्ध्यांना नकली. नकलीवाल्यांत २० जणांना लेप्टो झाला, गोळीवाल्यांत एकाला."

"अमेरिकी सैनिक! तीन आठवडे जंगलात आणि मग घरी. आमची माणसं जन्मभर चिखलात. अंदमानात करून बघितलं होतं ना कोणी?"

काका वाचतात, हे मला ठाऊक होतं. इतकं वाचतात हे नव्हतं. अंदमानात आपल्याच शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला होता, आणि निकाल पनामाइतका चकचकीत नव्हता. गोळी घेणाऱ्यांनाही संसर्ग तितकाच झाला. मात्र त्यांच्यात आजारी पडणारे कमी निघाले. पुतणीनं ते लपवलं नाही. "म्हणजे गोळी जंतूला दारात अडवत नाही. आत आल्यावर त्याला फार माजू देत नाही. म्हणून गमबूट घाला असंही आम्ही सांगतो."

यावर बाई हसायला लागल्या, आणि काकाही. लावणीच्या चिखलात गमबूट घातलेला माणूस पाय उचलतो तेव्हा पाय वर येतो आणि बूट चिखलात राहतो. पोस्टरवर रंगीत गमबूट घातलेला शेतकरी कोणी काढला असेल त्यानं कधी तरवा लावला नसावा. मग शक्य ते करायचं. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. शेतातून आल्यावर साबण आणि विहिरीच्या स्वच्छ पाण्यानं पाय धुणं. गोठ्यातल्या डबक्यातून अनवाणी न जाणं. आणि ताप आला तर पहिल्याच दिवशी केंद्रावर येऊन "मी लावणीला होतो" हे आपणहून सांगणं. कारण ते तीन शब्द डॉक्टरला रक्ताच्या रिपोर्टआधी रस्ता दाखवतात.

बाईंना पटलेलं दिसलं. पुडी त्यांनी कनवटीला लावली आणि म्हणाल्या की घरातल्या सगळ्यांना मिळून पुरतील.

"थांब," काका म्हणाले. "सुनेक दिव नको हां. पाचवो लागलो मा तिका?"

पुतणीची मान झटकन वळली. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सीसायक्लिन द्यायचं नसतं. आशाताईंनी विचारलं असणार, पण सून त्या दिवशी माहेरी होती. काकांना कसं ठाऊक? सुनेच्या लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या त्यांच्याच दुकानातून जातात. सासूबाई स्वतः कॅल्शियम घेतात हेही त्यांच्या लक्षात होतं. कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्या संगतीत ही गोळी पोटातच अडकते, रक्तात नीट जात नाही. दोहोंत दोन-तीन तासांचं अंतर हवं. "आणि रात्री आडवं पडताना घोटभर पाण्यावर गिळू नको," काकांनी पुढे सांगितलं. "तांब्याभर पाणी पी आणि बसून राहा. नायतर छातीत चिकटून बसते, मग जळजळतं." तेही बरोबर, अन्ननलिकेला चट्टे पडण्यासाठी ही गोळी प्रसिद्ध आहे.

एका घरातल्या चार माणसांची औषधं एकाच वेळी डोक्यात ठेवणारा माणूस आपल्या आरोग्यव्यवस्थेत कुठेच नोंदलेला नाही. तो मेडिकलच्या गल्ल्यावर बसलेला असतो. पुतणीनं सकाळपासून त्यांच्याशी भांडण मांडलं होतं ते, माझ्या मते, याचसाठी. जो इतकं लक्षात ठेवू शकतो त्यानं नुसतं कात्री चालवणं तिला सहन होत नव्हतं.

काकांचा एक बाण भात्यात राहिला होता. "कोर्स पूर्ण करा, कोर्स पूर्ण करा, म्हणून तुम्ही आमचे कान किटवलेत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनीच लिहिलं की याला फारसा आधार नाही. जास्त दिवस घेतल्यानं उलट प्रतिकार वाढतो."

"लिहिलं, आणि बऱ्याच आजारांत खरंही निघतंय. पूर्वी दहा दिवस द्यायचो तिथे आता पाच पुरतात. पण किती दिवस हे देणाऱ्यानं ठरवायचं. घेणाऱ्यानं 'बरं वाटलं' म्हणून मधेच सोडून उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या पावसात शेजारणीला द्यायच्या, हे त्या लेखात नाही. आणि टीबीला तर हे लागूच नाही."

टीबीबद्दल ती बोलते तेव्हा तिचा आवाज चढतो. सहा महिने औषध. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सोडतो. परतून येतो तो रिफॅम्पिसिन न चालणारा टीबी घेऊन. तिच्या एका रुग्णानं तर आठवड्यातच औषध सोडलं होतं. कारण? लघवी नारिंगी-लाल झाली. रक्त जातंय असं वाटून घाबरला. रिफॅम्पिसिननं लघवीचा रंग बदलतोच, घाम आणि अश्रूसुद्धा रंगतात, त्यात धोका नाही. हे वाक्य पहिल्या दिवशी कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं. गोळ्या सरकारकडून फुकट होत्या, त्या वाक्याचा खर्चही शून्यच होता.

जेवायची हाक आली होती. बाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या, भिजून फुगलेल्या चिखल्या, मधोमध लाल चीर. लेप्टोच्या जंतूला याहून मोठं दार नको. काकांनी न विचारता ट्यूब काढली.

"यात काय काय आहे ते वाचा," पुतणी म्हणाली.

काकांनी चष्मा वर केला. "क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल."

"म्हणजे स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत वाढत राहते. आज केंद्रावर येणारी निम्मी गजकर्णं अशीच माजलेली असतात. २०१८ पासून स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत."

"मला माहीत आहे. बारा ट्यूबचा बॉक्स फोडलाय, कंपनी फोडलेला माल परत घेत नाही. आणि तुझ्या केंद्रात साधं क्लोट्रिमॅझोल आहे का? असेल तर पाठवतो यांना."

"मे महिन्यापासून नाही."

"मग?"

"मग मी लिहून देते, तुम्ही द्या. साधं, बिनमिश्रणाचं. सकाळ-संध्याकाळ, पाय कोरडे करून, आणि बरं वाटल्यावरही दोन आठवडे."

काका स्टुलावर चढले. सगळ्यात वरच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांच्या मागे, साध्या क्लोट्रिमॅझोलच्या दोन ट्यूब निघाल्या. काकांनी एक पुसली, तारीख बघितली. "फेब्रुवारीपर्यंत आहे. ही कोणी मागतच नाही. हिनं खाज थांबायला आठवडा जातो, आणि तेवढ्यात मला शिव्या बसतात."

"शिव्या माझ्या नावानं घ्या," पुतणी म्हणाली.

"त्या तर मी आत्ताच घ्यायला लागलो," काका म्हणाले आणि बाईंना ट्यूबचे पैसे सांगितले. मिश्रणाच्या ट्यूबपेक्षा ते कमी होते.